टाकलेले दोन घास

ज्या आठवड्यात आईच्या उजव्या पायाचा अंगठा कापला, त्याच आठवड्यात माझं वजन अकरा किलोंनी कमी भरलं. सोमवारी मी वजन उतरवायच्या वर्गात काट्यावर उभी राहिले आणि आठ बायांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. गुरुवारी दवाखान्यात एका कागदावर सही केली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मला मधल्या बुधवारी कळलं. तेव्हापासून कुणी मला "किती छान बारीक झालीस गं" म्हटलं की डोक्यात तिडीक जाते. बिचाऱ्यांचा काही दोष नसतो, तरी जाते.

मी एका वकिलांच्या ऑफिसात जमिनीची खरेदीखतं टाइप करते. वीस वर्षं झाली. मी लागले तेव्हा बीड बायपासच्या पलीकडं नुसती शेतं होती, आम्ही तिकडं हुरडा खायला जायचो. त्या शेतांचे प्लॉट पडताना मी बघितले नाहीत, टाइप केले. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस प्लॉट, उत्तरेस प्लॉट, दक्षिणेस उर्वरित जमीन. पुढच्या वर्षी ती उर्वरित जमीनही यायची. घेणारा माणूस खूश असतो, तो पेढे आणतो. विकणारा आणत नाही. शहर असं काही फुगत चाललं होतं की दिवसाला तीन-तीन खोके टेबलावर यायचे, आणि मी एका हातानं टाइप करून दुसऱ्या हातानं पेढे खायची. पंचेचाळिशीत मी ब्याण्णव किलोंची झाले. पुंडलिकनगरात आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. जिना चढताना मधे दोनदा थांबायची, आणि कुणी खाली उतरत असेल तर पर्समध्ये किल्ली शोधत असल्याचं नाटक करायची.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर दोन्ही गुडघे बदलायला लागतील. आता उतरवा म्हणणं सोपं आहे. मी काकडीवर राहिलेली बाई आहे. कोमट पाणी, लिंबू, मध, मेथीचे दाणे, रात्रीचं जेवण बंद, भात बंद, सगळं करून झालेलं. पाच किलो उतरायचे आणि सात चढायचे. नवरा बिचारा काही बोलायचा नाही. तो कधीच काही बोलत नाही, आणि ते पुढं आम्हाला चांगलंच महागात पडलं.

मग गारखेड्यात एका मेडिकलच्या वरच्या खोलीत तो वर्ग सुरू झाला. दारावर पाटी होती: डाएट नाही, उपास नाही, मनातून वजन कमी करा. शिकवणारी बाई पस्तिशीची, मानसशास्त्र शिकलेली, आवाज इतका हळू की पंखा बंद करायला लागायचा. मी मनात म्हटलं, घ्या, आता मनातून वजन उतरवणार. इथं तोंडातून उतरत नाही.

पण बाई हुशार होती, हे मला आजही कबूल करायला लागतं. तिनं आम्हाला एकेक वही दिली. काय खाल्लं ते लिहायचं नाही म्हणाली, खायच्या आधी काय वाटत होतं ते लिहा. महिनाभरात मला दिसलं की चार वाजता मला भूक लागत नव्हती, चार वाजता वकीलसाहेब ओरडायचे. त्यांचा आवाज चढला की माझा हात खोक्यात जायचा. आता बोला! वीस वर्षं मी त्याला भूक समजत होते.

एकदा तिनं मला विचारलं, "पोट भरल्यावर तुम्ही थांबत का नाही?"

"ताटात उरलेलं असतं म्हणून," मी म्हटलं.

"ताट रिकामं झालंच पाहिजे, असं कोण म्हणतं?"

आणि मी त्या आठ परक्या बायांसमोर ढसाढसा रडायला लागले. कशाला रडले ते मलाच सांगता येईना.

म्हणत होती ती माझी आई. आमचं गाव कन्नडच्या अलीकडं. बहात्तरच्या दुष्काळात मी पाच वर्षांची होते आणि आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, सरकारी गोडसर पिठाचा कोरडा खाऊ, ती आई पदरात बांधून आणायची. ती स्वतः खात नव्हती हे मला खूप मोठी झाल्यावर मामानं सांगितलं. मला फक्त तिचं बोट आठवतं. माझं खाऊन झालं की ती थाळीवरून बोट फिरवायची आणि ते माझ्या तोंडात घालायची. थाळी धुवायला पाणी नव्हतं, राखेनं पुसून ठेवायची. दुष्काळ गेला, पुढं विहिरीला पाणी आलं, पण ताटात दाणा राहिला की माझ्या पाठीत धपाटा बसायचा तो बसायचाच.

वडील गेल्यावर आई माझ्याकडं आली. भाऊ गावाला आहे, पण त्याच्याकडं तिचं जमलं नाही. इथं शहरात तिला काम काय? शेत नाही, जनावर नाही, ओसरी नाही. स्वयंपाक मी सकाळी करून ऑफिसला जायची. उरलं ते वाढणं. वाढायची आईच. ओट्याला टेकून, खाली पाटावर बसून, भाकरीचा डबा डाव्या हाताशी आणि पातेलं उजव्या हाताशी. जावयाला, मला, सुट्टीत आलेल्या माझ्या मुलाला. आमच्याकडं वाढणारीला पुरे म्हणायची पद्धत आहे, पण त्यावर वाढणारीनं थांबायची पद्धत नाही. हात आडवा धरला तर ती त्या हाताच्या खालून भाकरी सरकवायची. आमचं झालं की मग स्वतः जेवायची, एकटी. तिला साखरेचा आजार होता, गोळ्या चालू होत्या, दीड भाकरी आणि बिनसाखरेचा चहा ठरलेला. सगळं कसं आटोक्यात होतं.

वर्गातल्या बाईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्ही स्वतःचं स्वतः वाढून घ्या. थोडं घ्या."

"ते नाही जमणार."

"आईंना समजावून सांगा."

"तिच्या हातातली पळी काढून घेतली तर तिच्या हातात काय राहील?" मी म्हटलं. मला माझ्या या बोलण्याचं फार कौतुक वाटलं होतं. आईचं मन जपतेय मी, असं.

बाईनं मग दुसरा रस्ता काढला. वाढू दे त्यांना, म्हणाली, तुम्ही फक्त दोन घास ताटात ठेवून उठायचं. रोज, न चुकता. उद्याही जेवण मिळणार आहे, हे तुमच्या मनाला शिकवायचं. "घाबरू नका. दोन घास टाकल्यानं कुणी मरत नाही."

पहिल्या दिवशी मी भाकरीचा एवढासा तुकडा आणि त्यावर थोडं वरण ठेवून उठले. पन्नाशीला आलेली बाई, आणि पाठीत धपाटा बसेल म्हणून खांदे आवळलेले! आईनं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"बरं नाय का?"

"पोट भरलं, आई."

"दोन घासानं पोट फुटतं व्हय?"

आठवडाभर ती कुरकुरली, मग गप्प झाली. मला वाटलं, चला, पटलं म्हातारीला. मी वहीत तसं लिहिलंसुद्धा. दोनाचे चार घास झाले, चाराची अर्धी भाकरी. खरंच सांगते, त्यात त्रास असा काहीच नव्हता. मी उपाशी नव्हते. कुठं थांबायचं ते पोटच सांगायला लागलं होतं आणि मला ते ऐकू येत होतं. पेढ्यांचे खोके मी ऑफिसात उघडायचे सोडले, घरी आणून फ्रिजमध्ये ठेवायची. बाईनं सांगितलं होतं, पदार्थाला घाबरून पळू नका, समोर असू द्या. ते समोर असायचे आणि मला इच्छा व्हायची नाही. माझा मलाच अभिमान वाटायचा. मी जिना न थांबता चढायला लागले. आई मात्र मला बघून हबकली. लेक वाळत चालली असं तिला वाटलं, म्हणून ती आणखी वाढायला लागली. आणखी वाढलं की आणखी उरायचं.

त्याच वर्षी लागोपाठ दुसऱ्यांदा पावसानं दगा दिला. नळाला पाणी आठ दिवसांनी, मग दहा दिवसांनी. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा आणि आम्ही सगळे ड्रम, बादल्या, हंडे घेऊन पळायचो. नव्या अपार्टमेंटवाल्यांकडं बोअर होते, तेही आटले, मग तेही रांगेत आले. घरात सगळं पाणी जपून. आणि त्या पाण्याच्या तंगीत आईची ताटं कशी निघायची म्हणून सांगू! पुसून लख्ख. एका तांब्यात चार ताटं विसळून व्हायची. जेवण झालं की ती आम्हाला मोरीकडं फिरकू द्यायची नाही, सगळी ताटं स्वतः उचलायची. मी नातेवाइकांना फोनवर सांगायची, आमची आई म्हणजे पाणी वाचवायला एक नंबर, दुष्काळ बघितलेली बाई आहे.

फ्रिजमधले पेढे संपत होते. मला वाटलं नवरा खातोय. नवऱ्याला वाटलं मी चोरून खातेय, आणि माझं मन दुखायला नको म्हणून तो बोलला नाही. किती समजूतदार माणसं आम्ही!

टँकरच्या गर्दीत एक दिवस आईच्या पायावर कुणाचा तरी ड्रम आला. ती चप्पल न घालताच खाली गेली होती. "ठेच लागली," एवढंच म्हणाली, हळद भरली आणि वर चिंधी बांधली. मी दोनदा विचारलं, दोनदा ती "वाळलं ते" म्हणाली, आणि मला ऑफिसला उशीर होत होता. तीन आठवडे. त्या सोमवारी टाळ्या घेऊन मी घरी आले तर घरात वास येत होता. मी ओट्याखाली उंदीर शोधला. खरंच, खाली वाकून बॅटरी घेऊन शोधला. वास आईच्या चिंधीचा होता हे मंगळवारी सकाळी कळलं.

दवाखान्यात बुधवारी डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. त्यांनी आधी पायाबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, "या खातात काय?"

"दीड भाकरी," मी ताबडतोब सांगितलं. "गोड बिलकुल नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा."

"किती दिवस?"

"माझ्याकडं आल्यापासून."

त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. तीन महिन्यांची साखर एका तपासणीत दिसते म्हणे. "दीड भाकरीवर एवढी होत नाही," ते म्हणाले. "कोणीतरी खोटं बोलतंय."

मी आईकडं बघितलं. आई भिंतीकडं बघत होती.

डॉक्टर गेल्यावर मी तिच्या उशाशी बसले आणि विचारलं. दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला तेव्हा शेजारच्या खाटेवरची माणसंही वळून बघायला लागली.

"तू टाकीत व्हतीस," आई म्हणाली. "मंग ते कुणी खायाचं? दारात गाय हाय का म्हैस हाय?"

"टाकून द्यायचं होतं ना!"

"कुठं? त्या गाणं म्हणत येती त्या गाडीत? भाकर? कचऱ्यासंगट?" ती माझ्याकडं अशी बघत होती जणू मीच काही अभद्र बोलले. "तुझ्या ताटातलं हाय ते."

मग हळूहळू सगळं निघालं. मोरीत उभी राहून खायची. माझी अर्धी भाकरी, माझा भात, मुलगा आला की त्याच्या वाटीतली खीर. पेढेसुद्धा, कारण ते फ्रिजमध्ये पडून वाळायला लागलेले, आणि वाळल्यावर कोण खाणार? भूक होती का म्हणून विचारलं तर म्हणाली, भुकंचं काय त्यात. मी सकाळ-संध्याकाळ माझं पोट ऐकत होते, वहीत लिहीत होते, आणि माझ्या अंगावरचं उतरलेलं सगळं भिंतीपलीकडं मोरीत माझ्या आईच्या अंगात जात होतं. आणि हे कशामुळं? तर मला तिच्या हातातली पळी काढून घ्यायची नव्हती. मन जपायचं होतं. आग लागो त्या मन जपण्याला.

अंगठा गेला. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं. जखम भरायला तीन-चार महिने. तोवर साखर आटोक्यात राहिली नाही तर पुढं घोटा, मग गुडघ्याखाली. "आता तुमच्या हातात आहे," म्हणाले.

घरी आल्यावर पहिल्याच दुपारी मी पाट उचलून माळ्यावर टाकला आणि पळी माझ्याकडं घेतली. आईला खुर्चीवर बसवलं, पाय स्टुलावर ठेवला, आणि तिच्यापुढं वाढलेलं ताट ठेवलं. एक भाकरी, भाजी, वाटीभर पातळ वरण. माझ्या आईला आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा कुणीतरी आधी वाढलं होतं.

"मी काय पाव्हणी हाय का?" ती म्हणाली.

"डॉक्टरांनी सांगितलंय."

तिनं ते पाच मिनिटांत संपवलं. ताट पुसलं. मग म्हणाली, "अर्धी दे."

"नाही, आई."

"बरं, चतकोर."

"नाही."

तिनं हात पुढं केला. नुसता हात पुढं करून बसली. माझ्या हाताला डब्याचं झाकण लागत होतं. आत भाकऱ्या होत्या. मी काय करावं? मी ओरडले. "पाय कापून घ्यायचाय का तुला?"

"घ्या कापून," आई म्हणाली. "पोट तर भरंल."

मी वर्गातल्या बाईकडं गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. दोन घासानं कुणी मरत नाही म्हणालात ना, म्हटलं, मग या बघायला. बाईनं सगळं ऐकून घेतलं, तिच्याही डोळ्यात पाणी आलं, आणि म्हणाली, आईंना एकदा घेऊन या. मला राग आला तरी मी नेलं. रिक्षात पाय लांब करून, जिन्यावरून दोघांनी धरून. बाई तिच्यासमोर खाली बसली, अगदी मायेनं विचारलं, "आजी, तुम्हाला भूक लागली की ती कुठं जाणवते? पोटात? घशात? डोक्यात?"

आईनं विचार केला. खरोखर विचार केला, टाळलं नाही.

"हिच्या तोंडाकडं बघितलं की," म्हणाली, आणि माझ्याकडं बोट केलं.

बाईनं वही मिटली. त्यावर तिच्याकडं काही उपाय नव्हता, आणि तिनं असल्याचं सोंगही केलं नाही. मीही परत कधी तिथं गेले नाही.

जखम भरायला पाच महिने लागले. पण भरली. डॉक्टरांनी शेवटची पट्टी काढली तेव्हा मला शाबासकी दिली, सगळ्याच घरांना हे जमत नाही म्हणाले. आई आता काठी घेऊन चालते, खाली उन्हात जाऊन बसते. साखर कागदावर दिसायला पाहिजे तेवढीच दिसते. आम्ही तिघंही एकाच वेळी जेवतो, मी मोजून वाढते, आणि माझ्या ताटात मी घेतानाच तेवढंच घेते जेवढं संपणार आहे. हेच सगळ्यात आधी सांगितलं होतं त्या बाईनं.

मागच्या उन्हाळ्यात एक दिवस मी दुपारी लवकर घरी आले. आई खाली फाटकाशी समोरच्या काकूंजवळ बसली होती, तिची पाठ माझ्याकडं होती. काकूंनी सहज विचारलं, जेवलात का आजी. आई म्हणाली, "जेवले. पर लेक पोटभर देत नाय."

काकूंनी मला बघितलं आणि त्या चपापल्या. आईला कळलंच नाही. ती पुढं सांगत होती, लहानपणी लई खायाची ही, कितीबी दिलं तरी पुरत नव्हतं.

काकूंना काय सांगणार होते? रोज रात्री ताट संपलं की ती एकदा हात पुढं करते, आणि रोज मी नाही म्हणते.